हौदावरचं बोलावणं

"आज तरी प्रवचनात माझं नाव घे," भावाच्या झग्याची कॉलर नीट करत ताई म्हणाली.

"घेईन गं बाई, घेईन!" फादर आरशात बघत म्हणाले. "किती मागे लागशील?"

पन्नास वर्षं लागलीच होती की. पण उद्यापासून फादर निवृत्त, आजचं प्रवचन शेवटचं. आज राहिलं तर कायमचं राहिलं. भावाचा स्वयंपाक, भावाचं धुणं, वेदीवरची फुलं, यातच तिचा जन्म गेला होता.

अकराव्या वर्षी ती 'मला धर्मगुरू व्हायचंय' म्हणत थेट बिशपांपुढे उभी राहिली होती. बिशप पोट धरून हसले, पुढचं ऐकूनच घेतलं नाही. घरी आईनं दोन ठेवून दिल्या, त्या वेगळ्याच. लोक अजून चिडवायचे, "बोलावणं आलं भावाला आणि हुक्की आली बहिणीला!" तीही हसायची. करते काय?

चर्च गच्च भरलं होतं. फादरांनी दरवर्षीची गोष्ट काढली.

"नऊ वर्षांचा होतो. हौदावर वेदीची कापडं धूत होतो. हात कोपरापर्यंत साबणानं भरलेले. कुणीतरी तीनदा नावानं हाक मारली. वळून बघतो तर कुणी नाही! आणि हातातलं कापड..." फादर अडखळले. कुठल्या हातातलं? वय झालं, दुसरं काय.

पहिल्या बाकावरून ताईनं डावा हात जरासा उचलला.

"डाव्या हातातलं कापड कोरडं ठणठणीत!"

बायकांनी डोळे पुसले.

"आणि हो, आमच्या बहिणीचेही आभार. तिच्या हातचा चहा नसता, तर मी इतकी वर्षं इथं उभाच राहिलो नसतो."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. संपलं प्रवचन. नाव काही घेतलं नाही मेल्यानं.

शेजारी शाळेतल्या बाई वही उघडून बसल्या होत्या. स्मरणिकेचं काम त्यांच्याकडे होतं. "ताई, तुम्ही तर घरातल्याच. हाक आली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

ताईनं एकदा वेदीकडे पाहिलं.

"हौदावर. धुणं धूत होते," ती म्हणाली. "तो गोवरानं अंथरुणात पडला होता. रडत होता, म्हणून घरी आल्यावर मीच त्याला सगळं सांगितलं."