वास नसलेलं मलम

मान कट्कन वाजली आणि बनूबाईनं मनातल्या मनात शिवी हासडली. चाळीस वर्षं ती वांगणीत निखळलेले खांदे आणि मोडलेले हात बसवत आली होती. तिला हाडाचा आवाज शिकवणारा अजून जन्मायचा होता. हे हाड नव्हे, नुसती हवा. डॉक्टर भूपेश मात्र मोठा पराक्रम केल्यासारखा तिच्या लेकाच्या, सुयोगच्या मानेवरून हात फिरवत होता.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या या दवाखान्याबाहेर पाटी होती, 'कायरोप्रॅक्टिक : मान, मणका आणि मनासाठी'. मणका दाबला की मन ताळ्यावर येतं म्हणे! तसं असतं तर बनूबाईनं अख्खी वांगणी हसत ठेवली असती.

वर्षभर सुयोगचं काहीतरी बिनसलं होतं. अंबरनाथच्या कारखान्यातलं काम सोडून तो भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा विहिरीच्या काठावर नुसताच उभा दिसला, तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरेना. सरकारी दवाखान्यात त्याला डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या, त्या मात्र तिनं चुलीत घातल्या. हाडं बसवणाऱ्या बाईचा पोर वेडा निघाला, असं गावानं म्हणायचं? मग सुयोगच म्हणाला, पाठ दुखते, कॅम्पात दाखवून येतो. तीन महिन्यांत तो जेवायला लागला, सकाळचा फिरायला लागला. परवा तर शेजारच्या म्हशीशी बोलून हसला. पण त्याच्या पाठीत काही नव्हतंच. तो झोपलेला असताना बनूबाईनं चाचपून पाहिलं होतं. एकूणएक मणका जागच्या जागी होता.

आणि ते मलम! डॉक्टरनं दिलेली पत्र्याची डबी घेऊन सुयोग रोज जेवण झालं की खोलीत जायचा, आतून कडी लावायचा. डबीला कोणाला शिवू द्यायचा नाही. पाठीला मात्र कधी मलमाचा वास आला नाही. जन्मभर तेलात हात असलेल्या बाईचं नाक असं फसत नसतं. अफू की आणखी काही? या माणसानं पोराला कसला नाद लावला होता? तेच पाहायला आज ती त्याच्यासोबत आली होती.

डॉक्टरनं खणातून तशीच एक डबी काढून सुयोगच्या हातात दिली. बनूबाईनं झडप घालून ती उघडली. आत गोळ्यांची पट्टी होती. चुलीत गेली होती तसलीच.

"कसला डॉक्टर रं तू? हाडाच्या नावाखाली पोराला गोळ्या चारतोस?"

"माँजी, गोळ्या माझ्या नाहीत. मनाच्या डॉक्टरच्या आहेत. मीच पाठवला याला तिकडे. आणलेल्या गोळ्या हा इथं ठेवतो." भूपेशचा आवाज चढला नाही. "मी मान मोकळी करतो, चालायला लावतो, बस. उदासी माझ्या हातानं जात नाही."

"मंग ही डबी कशाला?"

उत्तर सुयोगनं दिलं. "पट्टी घरी दिसली असती तर तू परत जाळली असतीस, आये. पाठ दुखलेली तुला चालते."

बनूबाईनं पट्टी काढून लेकाच्या हातात दिली आणि रिकामी डबी डॉक्टरपुढे ठेवली. आपला लेक आपल्यापासून लपूनछपून जगायचं औषध घेत होता, आणि चोर आपण दुसऱ्याच्या घरात शोधत होतो. तिला स्वतःची लाज वाटली.

बुधवारी बनूबाईच्या ओटीवर नेहमीसारखी माणसं जमली. मोरिवलीचा नाथा लचकलेला हात सांभाळत सगळ्यांच्या पुढे बसला होता. फळीवरच्या तेलाच्या बाटलीशेजारी त्याला ती पट्टी दिसली.

"बनूआत्या, ही कसली गोळी? पाठीची?"

हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. आठ-दहा माणसं ऐकत होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या तोंडाला झाकण नव्हतं. बनूबाईनं नाथाचा हात हलकेच खाली ठेवला आणि पार वेशीपर्यंत जाईल अशा आवाजात आत हाक दिली,

"सुयोग, तुझी मनाची गोळी घेतलीस का रं?"