चौथे चाक

"पुन्हा धूसर झालं बघ," लेफाने चाकावरून अंगठा फिरवला. "हा मेला वारा!"

पुलेंग चहाचा मग घेऊन उभी होती. तिने चाकाकडे पाहिलेही नाही. "सोवेटोत वारा सुटतो तो फक्त तुमच्या चाकासाठी. एकेचाळीस वर्षं ऐकतेय, चूक कायम दुसऱ्या कुणाची तरी."

ऑगस्टचे कोरडे ऊन अंगणभर पसरले होते. खाणीच्या पिवळ्या टेकडीवरून धूळ येत होती आणि लिंबाच्या पानांवर सावकाश उतरत होती. बाटल्यांच्या उपड्या क्रेटवर गाडीचे अ‍ॅलॉयचे चाक होते आणि समोर स्टुलावर, मांडीवर घोंगडी घेऊन लेफा. तीन चाके पुरी होऊन, जुन्या चादरींत गुंडाळून पलंगाखाली गेली होती. राहिले होते ते हे चौथे.

ऐन उमेदीत लेफा आपली लाल बीएमडब्ल्यू मैदानात अशी गरगर फिरवायचा की धुरात शेजारचा माणूस दिसत नसे. असा माणूस गेला की दफनाच्या दिवशी दोस्त त्याचीच गाडी टायर फुटेपर्यंत फिरवतात. तीन आठवडे, फार तर चार, असे सांगून दवाखान्याने त्याला घरी पाठवले, तेव्हा त्याने शेजारच्या माशेगोला बोलावून घेतले.

"माझ्या दिवशी गाडी तू फिरव," तो म्हणाला होता. "पण चाकं मी माझ्या हातानं चमकवणार. चारही झाली की मी मोकळा."

हे शब्द पुलेंगच्या मनात घर करून बसले. लेफाने दिलेला शब्द मोडलेला तिला आठवत नव्हता. चौथे चाक झाले की हा जाणार, हे तिने धरूनच ठेवले.

म्हणून दुपारी गोळीने त्याचा डोळा लागला, की ती चारशे नंबरचा खरबरीत पॉलिश पेपर पाण्यात बुडवी आणि त्याने सकाळभर खपून आणलेली चकाकी हलक्या हाताने घासून टाकी. वर चिमूटभर धूळ भुरभुरवी. मग आत जाऊन मुद्दाम भांडी आपटी. लेफा उठे, वाऱ्याला शिव्या घाली आणि पुन्हा सुरुवात करी. आठशे, बाराशे, दोन हजार असे बारीक होत जाणारे कागद, शेवटी पेस्ट आणि कापूस. असे तीन महिने गेले होते.

फक्त गुरुवारी तिची पंचाईत होई. दुपारी चर्चमध्ये बायकांची प्रार्थना असे. परत येईपर्यंत काळोख पडे, चाकाला हात लावायला सवडच नसे. तरी शुक्रवारी सकाळी चाक धूसरच निघे. पहिल्यांदा ती चक्रावली. मग गुरुवार देवाने आपल्याकडे घेतला असणार, अशी तिने मनाची समजूत घातली आणि वर्गणीच्या डब्यात दोन नाणी जास्त टाकू लागली.

बुधवारी माशेगो कुंपणावरून डोकावला. पुलेंगला तो औसी, म्हणजे ताई, म्हणे. "औसी पुलेंग, तुझ्या म्हाताऱ्याची नजर गेली बघ! अरे लेफा, हे ओरखडे आहेत. वारा कधी ओरखडे काढतो का?"

पुलेंग घाईने त्याच्या आणि चाकाच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तू गप रे," लेफा म्हणाला. "तुला साधं चाक धुता येत नाही, चाललाय मला शिकवायला."

हसता हसता त्याला कळ आली. तो पोट धरून वाकला, कापूस हातातून गळाला. बराच वेळ त्याला श्वास घेता येईना. पुलेंगने त्याची पाठ चोळली. हाताला सगळी हाडेच लागली.

"थकलो गं," तो हळूच म्हणाला. "उद्या संपवतो. माशेगो, पाचला ये. चारही बसवून टाकू."

गुरुवारी प्रार्थनेच्या गणवेशाचा लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी घालून पुलेंग चर्चमध्ये गुडघ्यांवर बसली. आजूबाजूच्या बायका गात होत्या आणि तिला फक्त ती हाडे आठवत होती. आपण याला धरून ठेवला नाही, नुसता छळला, असे तिला वाटले आणि स्वतःचीच लाज वाटली. गाणे अर्ध्यावर सोडून ती उठली.

रस्ताभर ती शब्द जुळवत होती. छान झालंय हो चाक. आता हात लावू नका. जा तुम्ही, मी राहीन, मला जमेल. ऊन मऊ झाले होते, धुळीला सोन्याचा रंग आला होता आणि आपण चालत नसून कुणीतरी उचलून नेत आहे असे तिला वाटत होते. चार वाजले होते. माशेगो यायला अजून तासभर होता.

तिने फाटक आवाज न करता लोटले आणि लिंबापाशीच थबकली.

चाक पुरे झाले असावे, कारण त्याच्या अर्ध्या भागात निळे आकाश लख्ख दिसत होते. उरलेला अर्धा भाग मात्र ताज्या ओरखड्यांनी राखेसारखा करडा झाला होता. लेफा ओठ घट्ट मिटून त्यावर वाकला होता. त्याने चारशेचा कागद पाण्यात बुडवला, एकदा माशेगोच्या कुंपणाकडे पाहून घेतले आणि ते उरलेले आकाशही घासून टाकू लागला.