बाकावरची तीन वर्षं

"जरा सरकता का?" आई म्हणाली. बाबांनी बाकावरची पाण्याची बाटली उचलून जागा करून दिली. आत त्यांच्या पंचवीस वर्षांच्या लेकीच्या मेंदूचा फोटो निघत होता.

आईने सकाळी दोनदा कपडे बदलले होते. तपासणी लेकीची आणि नटणं हिचं! घटस्फोट होऊन वर्षं लोटली, तरी या माणसाशेजारी बसायचं म्हटलं की तिचा जीव अजून वरखाली व्हायचा. 'अहो' म्हणायची सोय राहिली नव्हती, नाव घ्यायची सवय नव्हती. मग काय, 'जरा ऐका'वर भागवायचं.

लेकीच्या मेंदूत रक्तवाहिन्यांचा जन्मापासूनचा गुंता होता. तो कधी फुटेल, सांगता येत नव्हतं. "किरणंच द्यावी लागतील," असं लेकीनेच डॉक्टरांना एकटी भेटून आल्यावर दोघांना सांगितलं होतं. किरणांनी गुंता हळूहळू बंद होतो. दोन-तीन वर्षं जातात आणि तोवर फुटायची भीती तशीच राहते. किरणं द्यायच्या दिवशी तिच्या डोक्याला धातूची चौकट स्क्रूने आवळली, ते बघून बाबांना भोवळच आली. "अहो, सांभाळा!" आईच्या तोंडून निघून गेलं आणि तिने त्यांचा हात धरला. तो हात तिने मनातून अजून सोडला नव्हता. तेव्हापासून दर सहा महिन्यांनी फोटो आणि दर सहा महिन्यांनी हा बाक. मधले दिवस ती नुसते ढकलायची.

डॉक्टरीणबाईंनी तिघांना आत बोलावलं. "गुंता पूर्ण बंद झालाय. आता यायची गरज नाही."

आईचा जीव भांड्यात पडला. लगेच मनात आलं, म्हणजे आता बाहेरचा बाकही सुटला. पोर वाचली आणि आपल्याला रडू कसलं येतंय, याची तिला लाज वाटली.

"खात्री म्हणून अजून एकदा... सहा महिन्यांनी?" बाबांनी चाचरत विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या. "अहो, तीन वर्षं जीव मुठीत धरून काढलीत, पुरे की आता! मी तर तेव्हाच ऑपरेशन करू म्हणत होते. गुंता वरवरच होता, आठवड्यात घरी गेली असती. हिनेच ऐकलं नाही."

दोघं एकदमच लेकीकडे वळली.

"अगं, मधेच फुटलं असतं तर? का केलंस असं?" आईचा आवाज चिरकला.

लेक मान खाली घालून म्हणाली, "आठवड्यात बरी झाले असते, तर तुम्ही दोघं परत कशाला भेटला असतात?"