नव्या कातडीची सवय

इस्त्रीवाल्या मावशींचा सारा जन्म लॉन्ड्रीत गेला आणि निवृत्तीला महिना उरला असताना वाफेची नळी फुटून त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. डॉक्टरांनी त्यांच्याच स्टेम सेलपासून वाढवलेली कातडी त्या हातावर बसवली. मग सहा महिने दर मंगळवारी नर्स तो हात आपल्या हातात घेऊन अर्धा तास हलक्या बोटांनी मलम चोळायची. एरवी घरी भिंतींशी बोलणाऱ्या मावशी तेवढा वेळ डोळे मिटून गप्प बसायच्या.

आज डॉक्टरांनी हात खिडकीच्या उजेडात धरून पाहिला. "मावशी, डाग औषधालाही उरला नाही! आता इथं यायची गरज नाही."

सगळ्यांनी अभिनंदन केलं. मावशी बाही खाली ओढून दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या.

"सिस्टर, एक विचारू? या कातडीला तुमच्या हाताची सवय लागलीय. आता कुणी हातच लावला नाही, तर जगेल ना ती?"

नर्स हसली. "जगेल की! न जगायला काय झालं?"



"तेही खरंच," मावशी म्हणाल्या. "जुनी जगलीच की इतकी वर्षं."