चांदणी

ड्वाइटने वर्नाच्या हातात माईक दिला आणि मोठ्याने सांगितलं, "ऐका रे सगळे! डॉक्टर एमॉस यांना प्रत्यक्ष पाहिलेली आपल्यात आता एकटी वर्ना आत्याच उरलीय."

बागेत स्नेहमेळाव्याला जमलेल्या हॉस्टेटर घराण्यातल्या साठ-सत्तर जणांनी टाळ्या वाजवल्या. मागे फळीवर वंशवृक्ष लावला होता. प्रत्येकाच्या नावाची चिठ्ठी, आणि ज्यांनी काही शोध लावला त्यांच्या नावापुढे सोनेरी चांदणी. मका सोलायच्या यंत्रवाल्याला एक, पंपवाल्याला एक. एमॉसकाकांची सगळ्यात मोठी. भाजलेल्या जखमांवरचं मलम त्यांचं.

वर्ना मघापासून एकच ओळ वाचत होती. तिच्या आईबापांखाली एकच चिठ्ठी होती. तिची.

"लीओटा कुठाय?" तिने माईकमध्येच विचारलं.

"तुझी बहीण ना?" ड्वाइट हळूच म्हणाला. "अगं, ती त्या मतिमंद मुलांच्या आश्रमात होती. लग्न नाही, मूल नाही. काय लिहायचं तिचं? तू एमॉस आजोबांबद्दल बोल."

"त्यांच्याबद्दलच बोलतेय." वर्ना लोकांकडे वळली. "मलम चांगलं होतं. पण ते लावायला आधी भाजलेलं माणूस लागतं. काका त्याच आश्रमाचे डॉक्टर होते. त्यांनी सख्ख्या पुतणीच्या हातावर तापवलेल्या लोखंडी पट्टीने सहा चौकोन भाजले. चारांवर मलम लावलं. दोन तसेच ठेवले, फरक बघायला. आम्ही भेटायला गेलो की ती बाही खाली ओढायची. अकरा वर्षांची होती."

कुणीतरी हातातला कणसाचा तुकडा खाली ठेवला. एक बाई पोरांना घेऊन झोपाळ्याकडे गेली.

ड्वाइटने माईक काढून घेतला. मग त्याचा चेहरा उजळला. त्याने खिशातून चांदण्यांचा कागद काढला.

"मग तिलाही एक लावू या, आत्या! शेवटी या शोधाला तिचाही हातभार लागलाच की."

दोन-तीन जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

वर्ना फळीपाशी गेली आणि नखाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी खरवडू लागली. डिंक चिवट होता. वेळ लागला. कुणी पुढे आलं नाही.

"हे गं काय? तुझं नाव कशाला काढतेस?" ड्वाइटने विचारलं.

"तुमच्या या झाडावर राहायची शिसारी येते," ती म्हणाली, आणि चिठ्ठीचा बोळा मुठीत धरून गाडीकडे चालू लागली.