यंत्र खाली सोडलं

“जबाबाच्या भाषांतरात एक शब्द चुकलाय. आणि तो माझ्याकडून चुकलाय,” दुभाषी बाई उभ्या राहून म्हणाल्या.

चौकशी समितीच्या अध्यक्षांना फक्त इंग्रजी येत होतं, म्हणून बाईंनी हे इंग्रजीतच सांगितलं. अध्यक्षांचं पेन कागदावर टेकता टेकता थांबलं. निकाल टाइप होऊन आला होता, सही तेवढी राहिली होती. मालधक्क्यावरच्या क्रेनचालकाने बारा टनांचं यंत्र खाली टाकलं आणि त्याचा चुराडा केला. माणसं वाचली हे नशीब. चालकाचा परवाना रद्द, बावीस वर्षांची नोकरी खलास. चालक टेबलाच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. इंग्रजीत काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं.

अपघाताच्या दिवशी त्याने जबाब दिला होता, “मी यंत्र खाली सोडलं.” बाईंनी इंग्रजीत लिहिलं, ‘ड्रॉप’ केलं. पुढची सगळी चौकशी त्या एका शब्दावर उभी राहिली.

तो शब्द आज सकाळी बाईंच्या डोळ्यांपुढे आला. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात चहा गाळत होत्या. खाली पाववाल्याने घंटा वाजवली आणि सासूबाई म्हणाल्या, “अगं, टोपली सोड खाली.” बाईंनी खिडकीतून टोपली सोडली. दोरी हातातून सावकाश सरकत होती. टोपली मधल्याच मजल्यावर लटकत राहिली.

“उभ्या उभ्या झोप लागली का?” सासूबाईंनी विचारलं.

“आई, मी बहुतेक एका माणसाचं वाटोळं केलंय.”

सासूबाईंनी बाईंच्या हातातून दोरी घेतली. “मग जा, निस्तरून ये. पावाचं मी बघते.”

समितीच्या खोलीबाहेर धक्क्याच्या व्यवस्थापकांनी बाईंना गाठलं. त्यांचं म्हणणं ऐकून ते हसले. “बाई, पुढच्या महिन्यात तुमचं कंत्राट संपतंय. ही नसती उठाठेव कशाला?” बाई सरळ आत गेल्या, आणि अध्यक्षांनी पेन उचलताच उभ्या राहिल्या.

“फरक काय पडतो?” अध्यक्षांनी विचारलं. “यंत्र वर होतं, ते खाली आलं.”

“जमीन-अस्मानाचा फरक पडतो, सर. माझा शब्द ‘लोअर’ हवा होता. आवाज लोअर करतात, नजर लोअर करतात, झोपलेलं बाळ अंथरुणावर लोअर करतात. त्यात शेवटपर्यंत हात सुटत नाही. ‘ड्रॉप’मध्ये आधी हातच सुटतो. आमच्या भाषेत दोन्हीला ‘सोडणं’ म्हणता येतं. मी त्याला न विचारता त्यातलं वाईट ते उचललं. तो हळू उतरवत असताना ब्रेकने दगा दिला असेल, तर दोष त्याचा नाही.”

मागोमाग येऊन बसलेले व्यवस्थापक खुर्चीत चुळबुळले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“त्यालाच विचारा,” ते म्हणाले. “दोन्हींतलं काय केलं?”

बाई चालकाकडे वळल्या. त्यांनी त्याला दोन्ही शब्द नीट समजावले. हातांनी करूनही दाखवलं. चालकाने सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

“तुम्ही लिहिलंत तेच बरोबर आहे, बाई. मी हळू नाही उतरवलं. ब्रेक काढला आणि टाकलं. मुद्दाम टाकलं.”

अध्यक्ष वाट पाहत होते. बाईंनी ‘मुद्दाम’सकट सगळं इंग्रजीत सांगितलं. व्यवस्थापकांनी समोरची फाइल मिटली.

“का?” अध्यक्षांनी विचारलं.

हा प्रश्न बाईंनी चालकाला विचारला, तेव्हा त्याने पहिल्यांदाच गुडघ्यांवरचे हात उचलले.

“वारा उठला. यंत्र झोके घ्यायला लागलं. खालच्यांना अंदाज येत नव्हता, पण मला वरून दिसत होतं. पुढचा झोका जेवणाच्या शेडवर जाणार होता. पत्र्याची शेड. आत चाळीस माणसं जेवत होती. मधे दहा हात जागा मोकळी होती, तिथे टाकलं. यंत्र गेलं, ते खरं आहे.”

बाई सांगत गेल्या. अध्यक्षांनी निकालाचा कागद उचलला, मधोमध फाडला आणि पेनाला टोपण लावलं.

“एवढी मोठी गोष्ट त्या दिवशी का नाही सांगितली? हेही विचारा.”

बाईंनी विचारलं. चालक त्यांच्याकडे पाहत राहिला. त्याला बोलायला जड जात होतं. आवाजात तक्रार मात्र नव्हती.

“सांगत होतो, साहेब. पण बाई म्हणाल्या, वेळ नाही, विचारलंय तेवढंच बोला.”

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. व्यवस्थापकांनीही पाहिलं. बाईंनी पदर सारखा केला, मान वर ठेवली, आणि ते वाक्य एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं.