आप्पाचा डबा

'कोर्टात सगळं सांगाल ना?' या प्रश्नावर गिरिजाबाई अजून पंख्याकडेच पाहत होत्या.

सरकारी वकिलांच्या त्या चिंचोळ्या खोलीत पंख्याची कुरकुर तेवढी चालू होती. मनालीने प्रश्न पुन्हा विचारला नाही. काही प्रश्न दुसऱ्यांदा विचारले की त्यांचा आरोप होतो, हे रत्नागिरीहून सोलापूरला आल्यापासून ती शिकली होती.

अखेर गिरिजाबाईच बोलल्या. "लेक माजी गेली. आन् खटला सरकारचा. आसं कसं वो, वकीलबाई?"

"घाव तुमच्या मुलीवर पडला, मावशी. पण कायदा म्हणतो, तो सगळ्यांवरच पडला. म्हणून सरकार लढतं. तुम्ही साक्षीदार."

"निस्ती साक्षीदार."

"पण तुमच्यावाचून हातात काहीच नाही. कुंभारी गावातले तिचे शेजारी एकामागून एक फिरले. वैष्णवीने तुमच्या मांडीवर जीव सोडला. 'त्यानं ढकललं' हे ती तुम्हालाच सांगून गेली. मरणाऱ्याचा शब्द कायदा मानतो. मात्र ज्याने तो ऐकला, त्याने न्यायाधीशांपुढे तो उच्चारावा लागतो."

"पोलिसांस्नी सांगितलंय की समदं. लेकीच्या मातीवरनं आल्या आल्या. तवा डोस्कं थाऱ्यावर नव्हतं, तरी सांगितलं."

"तो जबाब म्हणजे पुरावा नव्हे. कोर्टात, शपथेवर, तुमच्या तोंडून आलं तरच तो पुरावा. नाहीतर प्रभुलिंग तुरुंगातून सुटेल."

जावयाचे नाव ऐकताच गिरिजाबाईंनी पदर कपाळावर ओढला. स्वतः त्या हे नाव कधी घेत नसत. जावयाचा विषय निघाला की नुसते 'त्यो' म्हणत. मनालीला ते स्वाभाविक वाटे. ज्याने लेक मारली, त्याचे नाव जिभेवर कोण ठेवील?

त्यांच्या मांडीवर फडक्यात बांधलेला डबा होता.

"काही खाल्लंत का सकाळपासून?"

"माजा न्हाय त्यो. आप्पाचा हाय. कडक भाकरी आन् शेंगाचटणी. त्याला दुसरं काय चालत न्हाय."

आप्पा हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. मनालीने त्याला पाहिले नव्हते. पण प्रत्येक भेटीत तो कुठून तरी बोलण्यात येई. त्याला जन्म देतानाच आई गेली. नव्याने नांदायला गेलेल्या गिरिजाबाई ते तान्हे पोर उचलून होटगीला सासरी घेऊन आल्या होत्या.

"मागनं वैष्णवी झाली. दोगं एका ताटात जेवायची," गिरिजाबाई डब्याच्या गाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या. "भांडायची बी लई. हिला तिखट सोसायचं न्हाय, म्हणून ह्यो मुद्दाम चटणी वाढायचा. परक्यात, लांब द्यायची न्हाय म्हणून मीच हट्ट धरला. डोळ्यांम्होरं दिली. तिला कुनी इचारलंच न्हाय."

मनालीने मान हलवली. हे सारे साक्षीत येणार नव्हते. माणसाच्या दुःखातला फार थोडा भाग कोर्टाच्या कामाचा असतो. बाकीचा त्याने दारातच ठेवून आत जायचे असते.

"आप्पा येणार आहे का आज?"

"आणत्यात की त्याला."

मनालीला बरे वाटले. निदान एक आपला माणूस. "मग ऐका. आत परके चेहरे असतील. समोरचा वकील दटावेल. गांगरलात, तर आप्पाकडे बघा. धीर येईल."

गिरिजाबाईंनी पहिल्यांदाच तिच्याकडे रोखून पाहिले. "त्याच्याकडं बगू?"

"हो. फक्त त्याच्याकडे."

दारात शिपाई धुळाप्पा डोकावला. "चला म्याडम, पुकारा झाला. ह्यो तरी साक्षीदार टिकतोय का बगू आज."

मनालीने कागद उचलले.

साक्षीच्या कठड्यात गिरिजाबाई होत्या त्याहून लहान दिसू लागल्या. शपथ त्यांनी स्पष्ट घेतली. लेक ओट्यापाशी पडली होती, डोक्याखाली रक्त होते, इथवर त्यांचा आवाज ढळला नाही.

"तुम्ही तिचं डोकं मांडीवर घेतलंत," मनाली म्हणाली. "त्या वेळी ती काही बोलली का?"

गिरिजाबाईंचे ओठ हलले. न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. मग गिरिजाबाईंनी मान वर केली आणि मनालीच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले.

मनालीही वळली. मागे आरोपीच्या पिंजऱ्यात प्रभुलिंग होता, आजूबाजूच्या बाकांवर अनोळखी माणसे बसली होती. त्यातला आप्पा कोणता, ते कळेना. पण गिरिजाबाईंना तो सापडला असावा. त्यांचा चेहरा हळूहळू निवत गेला, दिवेलागणीच्या अंगणासारखा.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "काय बी बोलली न्हाय. पाय घसरून पडली लेक माजी."

पुढचे मनालीने यंत्रवत केले. साक्षीदार फितूर झाल्याचे सांगितले, उलटतपासणीची परवानगी मागितली, जबाबातली वाक्ये एकेक करून वाचली. प्रत्येक वाक्याला गिरिजाबाईंचे उत्तर एकच. "पोलिसांनी का लिवलं, मला ठाव न्हाय."

बचावाच्या वकिलाने उठण्याचीही तसदी घेतली नाही. "प्रश्न नाहीत," तो बसल्या जागी म्हणाला.

आवारात ऊन पांढरे झाले होते. मनालीने गिरिजाबाईंना पायऱ्यांवर गाठले.

"तिचं शेवटचं वाक्य तुमच्याकडे ठेवायला दिलं होतं तिने," तिचा आवाज चिरकला. "आता वैष्णवीच्या बाजूने बोलणारं जगात कोणी उरलं नाही. आणि तो आप्पा? एका ताटात जेवली ना दोघं? त्याच्या डोळ्याला डोळा कसा देणार तुम्ही?"

डबा छातीशी धरून गिरिजाबाई पायऱ्या उतरल्या, आवार ओलांडून पोलिसांच्या गाडीपाशी गेल्या, आणि जाळीमागे बसलेल्या प्रभुलिंगच्या हातात भाकरीचा तुकडा मोडून देत म्हणाल्या, "आप्पा, खाऊन घे."